सैतानाला पाच नारळ

एरंडोल
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

पुना,

राम राम. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव सरिताचं टाकलंय, ते मुद्दाम. माझं नाव पाहून तू पाकीट न फोडताच फेकलं असतंस, तेवढा मी तुला ओळखतो. फोन तर तू दोनदा कट केलास. पत्ता कुठून मिळाला? तुझ्या सुरतच्या मिलमधला आपल्याकडचा एक माणूस दिवाळीला गावी आला होता, त्याच्याकडून काढून घेतला. त्याच्यावर चिडू नको. त्याला मी चहा-फाफडा खाऊ घालून बोलतं केलं.

चोवीस वर्षांनी भटू पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुला वाटेल. काही काम नाही. सहज. मी बरा आहे. कुस्ती कंपनी मोडल्यावर एरंडोलला पिठाची गिरणी टाकली, ती चालते. गुडघे दोन्ही गेलेत. डॉक्टरनं विचारलं, कशानं गेले? म्हटलं, रोज संध्याकाळी तिकीट काढून लोक मला आपटताना बघायचे. तो हसला. सरिता मजेत. मुलगी मोनाली तेवीसची झाली, जळगावला एका सीएच्या ऑफिसात आहे.

आता बोलता बोलता आठवलं म्हणून विचारतो. तो धुळ्याचा रविवार. ८ एप्रिल २००१, एकवीरेची यात्रा, पांझरेच्या काठावर आपला तंबू. मी त्या दिवशी नव्हतो. मावशी वारली असं शेठला सांगून मी पाचोऱ्याला सरिताला बघायला गेलो होतो, आणि माझा सैतानाचा मुखवटा तू चढवला होतास. तर त्या दिवशी तुझी माय प्रेक्षकांतून उठून वर चढली आणि तिनं सैतानाला हाणलं, तेव्हा चप्पल तिच्या उजव्या हातात होती की डाव्या? किती मारल्या? कोणी तीन म्हणतं, कोणी पाच. तू तिच्या पाया पडलास तो आधी गुडघे टेकून की उभ्यानंच वाकून? आणि ती खरंच काही बोलली नाही का? तू मला तेव्हा म्हणाला होतास की एक शब्द नाही. पण तेव्हा तू रडत होतास, नीट ऐकू आलं नसेल.

सहज विचारतोय. उत्तरासाठी तिकीट लावून पाकीट सोबत जोडलंय.

तुझा,
भटू


एरंडोल
रविवार, २३ नोव्हेंबर

पुना,

पंधरा दिवस पोस्टमनची वाट पाहिली. मग म्हटलं, जाऊ दे, खरं लिहून टाकू. मागच्या पत्रात मी खोटं बोललो. काम आहे. मोठं काम आहे. मी फसलोय.

नासीर टेलर आठवतो ना, धुळ्याचा? आपले सगळे मुखवटे, जांघिये, झगे शिवायचा तो? त्याचा मुलगा हसीब जळगावला मोबाईलचं दुकान चालवतो. त्यानं फोनवर एक ग्रुप काढलाय, ‘खान्देश फ्री-स्टाईल’. चारशेवर माणसं. सगळे आपल्या वेळचे शौकीन, कोणी मास्तर, कोणी रेल्वेत, कोणी केळीचा व्यापारी. ते काय करतात, तर आपल्या कुस्त्यांतले न विसरण्यासारखे प्रसंग आठवतात आणि त्यांना नंबर देतात. मार्क कशात? नारळात. यात्रेत पहिली कुस्ती नारळावर लागते ना, म्हणून. पाचपैकी किती नारळ.

हसशील तू. भुसावळला जनरेटर बंद पडला होता आणि लाईट आली तेव्हा धनसिंग आणि मी रिंगणात मांडीला मांडी लावून एकच बिडी ओढत बसलो होतो, त्याला चार नारळ. पाचोऱ्याला धनसिंगच्या जांघियाची नाडी तुटली आणि तो एका हातानं लढला, त्याला तीन. धनसिंगला ‘पंजाब का शेर’ म्हणून पावणेतीन मिळालेत. तो बऱ्हाणपूरचा होता हे अजून कोणाला माहीत नाही.

आणि पहिल्या नंबरावर काय आलं? धुळ्याची म्हातारी. सातपुड्याचा सैतान समोरच्याच्या डोळ्यांत मिरची टाकून जिंकायला आला, आणि लोकांतून एक म्हातारी चढली, तिनं त्याला चपलेनं झोडलं, आणि एवढा मोठा सैतान तिच्या पायावर डोकं ठेवून बसला. पाचपैकी पाच. नासीरभाईनं तेव्हा फोटो काढला होता. तोही हसीबनं टाकला.

तिथपर्यंत ठीक होतं. मी नुसता वाचत होतो. मग एका शहाण्यानं लिहिलं, ‘म्हातारी भाडोत्री होती. कंपनीनं पैसे देऊन चढवली. कुस्ती नुरा, म्हातारी पण नुरा. दीड नारळ.’

पुना, माझं डोकंच सटकलं. आपली कुस्ती नुरा होती हे कोणाला माहीत नव्हतं? सगळं आधी ठरलेलं, कोण पडणार, कधी पडणार. पण तुझी माय भाडोत्री? त्या बाईच्या हातची भाकरी मी खाल्लीय. गिरणीत गिऱ्हाईक उभं, वर ज्वारी संपून जातं मोकळं फिरतंय, आणि मी पिठाच्या बोटांनी लिहिलं, ‘तोंड सांभाळ. म्हातारी खरी होती. मी सांगतो. सातपुड्याचा सैतान मीच.’

यात खोटं काय आहे सांग? चार वर्षं सैतान मीच होतो. हजारएक वेळा तो मुखवटा घातला. एक रविवार सोडून. आणि त्या मेल्या लोकांनी नेमका तोच रविवार पहिल्या नंबरावर काढला!

दुसऱ्या दिवशी हसीब हार घेऊन गिरणीत हजर. माझा व्हिडिओ काढला. ‘चाचा, उस दिन आपके दिल में क्या आया?’ मी म्हटलं, भरून आलं. दुसरं काय म्हणणार? तो व्हिडिओ मोनालीनं पाहिला.

तुला मोनाली माहीत नाही. लहानपणी मी शाळेत न्यायला गेलो तर ती लांबूनच सांगायची, पप्पा, कोपऱ्यावर थांबा. अंगावर पीठ असायचं ना. मैत्रिणींना सांगायची, पप्पांचा बिझनेस आहे. वाईट वाटायचं, पण मी कधी बोललो नाही. आता तिनं छातीवर ‘सैतान की बेटी’ छापलेला टी-शर्ट करून घेतलाय. ऑफिसात सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. रविवारी घरी आली तर माझ्या शेजारी बसून विचारते, पप्पा, तुम्ही पाया का पडलात, तुम्हाला तर मारत होती ना ती? तेवीस वर्षांत तिनं मला एवढं काही विचारलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगणार कसा? त्या रात्री मी पाचोऱ्याहून परतल्यावर नदीकाठी तू मला एकवीरा आईची शपथ घातलीस. मुखवट्यात तू होतास हे कोणाला सांगायचं नाही. मायला कळलं की तिनं आपल्याच पोराला लोकांसमोर चपलेनं मारलं, तर ती अन्न सोडेल, म्हणालास. घरी तर तू सांगितलेलं की भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात लागलोय. उघड्या तोंडानं तू कधी रिंगणात उतरलाच नाहीस, दोर बांधायचास आणि घंटा वाजवायचास. मी शपथ घेतली आणि आजवर पाळली.

आता मायला जाऊन चोवीस वर्षं झाली. मला मोकळं कर, पुना. दोन ओळी लिही, ‘भटू, सांगून टाक’. बास.

भटू


एरंडोल
रविवार, ७ डिसेंबर

पुना,

कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

‘शपथ म्हणजे शपथ. जिवलीच्या कानावर जाऊ देऊ नको. पत्ता कोणाला देऊ नको. पुन्हा लिहू नको.’

पहिल्या तीन पाळतो. चौथी पाळत नाही, दिसतंच आहे तुला.

जिवलीला का घाबरतोस रे? बहीण आहे तुझी, वाघीण नाही. माय गेल्यावर तिला तोंड दाखवायला लाज वाटते, हे समजतं. पण चोवीस वर्षं? शिरपूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी ती तिथंच आहे, त्याच घरात, आणि तू सुरतला गेटवर खुर्ची टाकून दुसऱ्यांची मिल राखतोस.

असो. मला उपदेश करायचा अधिकार नाही. माझ्याच घरात काय चाललंय ते ऐक.

व्हिडिओ सरितानंही पाहिला. मोनाली जळगावला परत गेल्यावर सरिता भांडी घासता घासता म्हणाली, ‘कोणती तारीख म्हणाला तो पोरगा?’ मी म्हटलं, कुठली तारीख? म्हणाली, ‘८ एप्रिल. रविवार. त्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून पोहे खात होता. दोनदा मागून घेतले. माझ्या काकानं विचारलं, मुलगा काय करतो, तर तुम्ही म्हणालात, कंपनीत सुपरवायझर.’

मी फडकं घेऊन ताटं पुसायला लागलो. ती म्हणाली, ‘मी पोह्यात मीठ दोनदा टाकलं होतं घाबरून. तुम्ही तरी खाल्ले. म्हणून मी हो म्हटलं. माझ्या जन्मातला तो एक दिवस, तो तुम्ही धुळ्याला नेऊन ठेवला?’

पुना, मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भांडी घासत राहिली. मी म्हटलं, अगं, शपथ आहे मला. कोणाची, काय, ते सांगता येत नाही. म्हणाली, ‘सांगू नका. मीही पोरीला काही सांगत नाही. तिनं ते कपड्यावर छापून घेतलंय, ते मी कसं धुऊ?’

आणि मग, बायकांचं कसं असतं, जाता जाता म्हणाली, ‘ती सैतान की बेटी, मग मी कोण?’ मला हसू आलं, पण हसायची हिंमत झाली नाही.

अशी गत आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं सांगावं तर तुझी शपथ मोडते. गप्प बसावं तर बायकोच्या नजरेला नजर देता येत नाही. आणि रोज ग्रुपवर नवा प्रश्न. आज एका मास्तरनं विचारलं, म्हातारीनं शिव्या काय दिल्या हो? मी लिहिलं, गर्दीत ऐकू आलं नाही. त्यावर बावीस लोकांनी हात जोडले.

पुन्हा विचारतो. सांगू का?

भटू


एरंडोल
रविवार, २८ डिसेंबर

पुना,

काहीच उत्तर नाही. ठीक आहे.

११ जानेवारीला जळगावला हॉल घेतलाय त्यांनी. पहिल्या दहा प्रसंगांचा सत्कार. पहिल्या नंबरासाठी सैतान स्वतः मुखवटा घालून येणार, अशी पत्रिका छापली. मला न विचारता. मी हसीबला म्हटलं, बाबा, माझे गुडघे दुखतात, मी नाही येत. तो म्हणाला, ‘चाचा, अब्बूनं तुमच्यासाठी नवा मुखवटा शिवलाय. डोळ्यांना दिसत नाही त्यांच्या, हातानं चाचपून शिवलाय. नाही कसं म्हणता?’ सांग, काय म्हणू मी?

मुखवटा घरी आला. काल घालून पाहिला. तेच काळं कापड, तीच लाल शिंगं, मागे तशीच नाडी. आधी चार वर्षं मी तो रोज घालायचो आणि मला मोकळं वाटायचं. आत कोणी भटू नसायचा. आता घातला तर श्वासच घेता येईना. आरशात पाहिलं तर सैतान कसला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा म्हातारा दिसला. सरितानं मागून नाडी सोडली.

आता एक लिहायचं आहे, ते मी तीन पत्रांत लिहिलं नाही. तूही कार्डावर लिहिलं नाहीस. पण आपल्या दोघांत तेच आहे, बाकी सगळं वरवरचं.

माझ्या हळदीच्या दिवशी तुझ्या गावचा सुकदेव आला होता. मांडवाच्या दारात मला भेटला. माय फार आजारी आहे, पुनाला पाठव, म्हणाला. तू तेव्हा आत ढोलावर नाचत होतास, अंगभर हळद. पुढच्या महिन्यात नवे कपडे घेऊन घरी जातो, मायला भेटतो, असं तू मला सकाळीच सांगितलं होतंस. मी सुकदेवला म्हटलं, तू हो पुढे, मी सांगतो. आणि मनात म्हटलं, आज सांगितलं तर हा आत्ताच जाईल. माझा जवळचा माणूस तू एकटाच होतास रे. लग्न लागू दे, मग सांगू. एका दिवसानं काय होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. तू पोचलास तेव्हा मायला जाळून लोक परत येत होते.

तू मला मारलं असतंस तर मी उभा राहिलो असतो. तू नुसता निघून गेलास. मी चुकलो, पुना. मोठी चूक केली. तिला नाव द्यायला मला शब्द मिळत नाही आणि माफी मागायला तोंड नाही. म्हणून चोवीस वर्षं गप्प राहिलो. शपथ पाळत होतो ती देवीच्या भीतीनं नाही. तुझं मी एवढं एकच काहीतरी नीट सांभाळलं होतं, म्हणून.

११ तारखेला तू ये. तू आलास तर मुखवटा तुझ्या हातात देतो आणि खाली उतरतो. नाही आलास, तर मी तो घालून उभा राहीन, तुझा मान घेईन आणि तोंड बंद ठेवीन. दुसरं काही मला सुचत नाही.

भटू


जळगाव
सोमवार, १२ जानेवारी २०२६

पुना,

तू आला नाहीस. मी दर पाच मिनिटांनी दाराकडे पाहत होतो.

शपथ मोडली. आधी तेच लिहितो, मग बाकीचं.

हॉल खचाखच भरला होता. मोनाली पुढच्या रांगेत टी-शर्ट घालून, सरिता तिच्या शेजारी. मला आत मुखवटा चढवला आणि हसीबनं नाडीला तीन गाठी मारल्या, सुटायला नको म्हणून. मी स्टेजवर आलो तशी लोकांनी बाकं बडवली. ‘सैतान! सैतान!’ खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

मग हसीब माईकवर म्हणाला, आता सैतानालाही ठाऊक नसलेली गोष्ट. ज्या माऊलीनं त्याला नमवलं, ती आज नाही. पण फोटो घेऊन मी शिरपूरपासून पाड्यापाड्यावर फिरलो. तिची लेक सापडली.

जिवली आली, पुना.

केस पांढरे झालेत. हिरवं लुगडं नेसली होती. हसीबनं तिच्या हातात सजवलेली चप्पल दिली, सोनेरी कागद लावलेली, की माऊलीसारखी मारा म्हणून. लोक हसायला लागले, सगळ्यांचे फोन वर. तिनं ती चप्पल टेबलावर ठेवून दिली. माझ्यासमोर आली. दोन्ही हात माझ्या गालांवर, म्हणजे मुखवट्यावर ठेवले. आणि माईकवर जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

‘पुना, आते घर चाल.’

आता घरी चल, म्हणत होती. मी बसलोच खाली. लोकांना वाटलं पाया पडतोय, सगळा हॉल उठून उभा राहिला. मागून कोणीतरी ओरडला, ‘पाच नारळ!’ ती माझ्या डोक्यावरून हात फिरवतेय, मला ‘मना भाऊ, मना भाऊ’ म्हणतेय, आणि मी आत घामानं आणि रडण्यानं भिजलोय. तेव्हा गप्प बसलो असतो तर सगळं निभलं असतं. ती समाधानानं घरी गेली असती. मोनालीचा बाप सैतान राहिला असता. तुझी शपथही राहिली असती.

पण कोणाच्या बहिणीचा हात असा फुकट घेता येतो का रे?

नाडी ओढली, सुटेना. शिंगं धरून ओढलं, तरी निघेना. लोकांना वाटलं तेही नाटक, टाळ्या वाजताहेत. शेवटी सरिता वर आली, तिनं दातानं गाठ तोडली. मी माईक घेतला. म्हटलं, मी भटू. त्या रविवारी या मुखवट्यात मी नव्हतो. हिचा भाऊ पुना होता. मी पाचोऱ्याला या बाईच्या घरी पोहे खात होतो. तुम्ही मला दिलेला मान त्याचा आहे, मी चोरला.

मागून सुरू झालं, ‘नुरा! नुरा!’ पुढच्या रांगांनीही धरलं. बाकं पुन्हा वाजली. मोनाली छातीवरची अक्षरं हातांनी झाकून बाहेर गेली. अजून बोललेली नाही माझ्याशी. काल रात्री आम्ही तिच्याच खोलीवर राहिलो, तिनं अंथरूण घातलं, पाणी दिलं, पण बोलली नाही. सरिता म्हणते बोलेल. सरिता मात्र माझ्याशी भरपूर बोलतेय.

आता जिवलीचं.

तिला आम्ही मागच्या खोलीत बसवलं. पहिलं तिनं एवढंच विचारलं, ‘जिता शे ना?’ मी म्हटलं, आहे. तेव्हा तिनं पाणी घेतलं. मी म्हटलं, अक्का, मला माफ कर, पण सैतानाला पाहून तू पुना कसं म्हणालीस? मुखवट्यात तो होता, हे आम्हा दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी मी अगदी बावळट आहे.

म्हणाली, माय त्या दिवशी यात्रेहून आली, हात सुजला होता. जिवलीनं विचारलं, परक्या माणसाला कशाला मारलंस? माय म्हणाली, ‘परका नही. पुना व्हता.’ तू पडताना डावा हात पोटाशी धरतोस, म्हणे. लहानपणी बैलगाडीवरून पडलास तेव्हापासून. दोनदा पडलास तेव्हा तिला शंका आली, तिसऱ्यांदा पडलास तेव्हा ती उठली. तीन वर्षं घरी आला नाहीस, भुसावळच्या नोकरीच्या थापा मारल्यास, त्याबद्दल तिनं तुला मारलं. तुलाच मारलं, पुना. सैतानाला नाही.

आपण दोघं गाढव आहोत. माझ्या हळदीला सुकदेव आला तो म्हणाला होता, आधी धुळ्याला कुस्तीच्या तंबूत गेलो, तिथं कळलं तुम्ही लग्नाला आहात. तंबूत का गेला तो? तू तर भुसावळला वर्कशॉपात होतास ना? मायनंच पाठवला होता त्याला, नीट पत्ता सांगून. हे चोवीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

जिवलीनं मायला तेव्हाच विचारलं होतं, ओळखलंस तर नावानं हाक का नाही मारली? धरून घरी का नाही आणलास?

माय म्हणाली, ‘त्यानी तोंड झाकेल व्हतं. एवढा लोकस्मा मी कसं उघाडू?’

एवढ्या लोकांत तुझं तोंड उघडं पडू नये, म्हणून ती एक शब्द बोलली नाही, पुना. तू बरोबर ऐकलं होतंस.

पत्ता मी जिवलीला दिलेला नाही. एक शपथ मोडली, आता दुसरा शब्द तुझ्या हातानं मोडायचा. ती आज सकाळी शिरपूरच्या गाडीत बसली. बसताना विचारलं, येईल का? मी म्हटलं, सांगून बघतो.

तर सांगतो. सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीत बस आणि नरडाण्याला उतर. शनिवारी मी दिवसभर स्टेशनवर आहे, तू मला मार, शिव्या दे, बोलू नको, तुझी मर्जी. तिथून शिरपूर, तिथून घर. नवे कपडे घेत बसू नकोस. तू अजून कोणापासून तोंड लपवतोयस? जिनं पाहायचं, तिनं तेव्हाच पाहिलं.

भटू